याप्य

डबा हलका लागला. उघडायच्या आधीच. भोसरीच्या वर्कशॉपात एकोणीस वर्षं बुश, म्हणजे यंत्रात बसवायची पोकळ नळकांडी, हातात घेऊन तपासण्यात गेली, त्यामुळे वजनातला फरक माझ्या हाताला डोळ्यांच्या आधी कळतो. कौतुक म्हणून सांगत नाही, अंगात मुरलेली सवय आहे. हा स्टीलचा बुटका डबा. पूर्वी यात हळद असायची, आता माझ्या दुखण्याच्या गोळ्या असतात. पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलातून मिळालेल्या, मॉर्फिनच्या, दर चार तासांनी एक. साडेपाचची गोळी सयाजीने स्वतः हातात ठेवली होती, वर घोटभर कोमट पाणी दिलं होतं आणि मग तो फर्स्ट शिफ्टला चाकणला गेला होता. सयाजी म्हणजे माझा नवरा. तोंडाने मी 'अहो' म्हणते, मनात सव्वीस वर्षं सयाजीच म्हणत आले आहे. आता साडेनऊ वाजले होते, बेंबीखाली तो ओळखीचा पिळा पडायला लागला होता, आणि डब्यात वेलदोडे होते. मी डबा तळहातावर उलटा केला. चार हिरवे वेलदोडे, त्यातला एक फुटका. गोळी एकही नाही.

"आत्याबाई, माझ्या गोळ्या कुठं गेल्या?"

मंजुळाबाई, माझ्या सासूबाई, दारात पाय पसरून मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सयाजीनं नेल्या की. यापात आलंय म्हणं. आज एकवीस दिस भरले, आजपसून इंग्रजी गोळी बंद. दुकलं की वेलदोडा चगळायचा."

आमच्या घरात बँकेला ब्यांक म्हणतात, मॅनेजरला म्यानेजर आणि फोनमधल्या ॲपला याप. लातूर सोडून चिखलीत राहायला येऊन इतकी वर्षं झाली तरी तोंड गावचंच राहिलं, आणि मला त्याची कधी लाज वाटली नाही. पण आज त्या एका शब्दावर माझं डोकं फिरलं. याप! तीन आठवडे मी त्या यापाच्या तालावर नाचत होते. यापाने सांगितलं म्हणून त्याच्यावरूनच मागवलेला कॅनमधला कडू काढा दिवसातून पाच वेळा घशाखाली ढकलत होते, तो उलटून पडला की पुन्हा घेत होते. यापाने सांगितलं म्हणून आंबट बंद, तिखट बंद, दूध बंद, भाकरी बंद. वजन एकेचाळीसवर आलं होतं. संध्याकाळी सहाला सयाजीचा फोन टिंग वाजायचा, तो चष्मा लावून ओट्याजवळ उभा राहायचा आणि मोठ्याने वाचायचा: काढा घेतला का? इंग्रजी गोळी घेतली का? आंबट खाल्लं का? तो बोट ठेवायचा आणि स्क्रीनवर हिरवी साखळी एका कडीने वाढायची. काल वीस कड्या झाल्या होत्या. त्याचा चेहरा शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलासारखा दिसत होता, आणि मी, मूर्ख, त्या चेहऱ्यासाठी काढा पीत होते.

आणि हे सगळं साधनाताईंनी सांगितलं म्हणून! साधनाताई म्हणजे भोसरीच्या वैद्य. हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना. अंडाशयातला कॅन्सर यकृतात पोहोचला, ऑपरेशन झालं, केमोच्या दोन फेऱ्या झाल्या, आणि हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की आता आजाराच्या मागे न लागता दुखणं आवरायचं. तेव्हा वर्कशॉपातल्याच एका बाईने साधनाताईंचं नाव सुचवलं होतं. बाई सरळ वाटली होती. हॉस्पिटलच्या फायली तासभर वाचत बसली होती. मला आतल्या टेबलावर झोपवून तळपायांना तेल लावून काशाची वाटी फिरवत होती तिची मदतनीस, आणि पडद्यापलीकडे ती सयाजीला समजावत होती. मला तुटक तुटक ऐकू आलं. पायाची आग निवत होती, डोळे मिटत होते. नंतर रिक्षात बसल्यावर सयाजी माझा हात दाबून म्हणाला होता, "कस्तुरे, हेच्यावर याप हाय! म्याडम सवताच म्हणल्या. हे याप हाय म्हणल्या, नीट सांबाळलं तर चालतंय." मला वाटलं, असेल बाई. आजकाल भाजीसुद्धा फोनवर येते, वैद्य का नाही येणार. दुसऱ्याच दिवशी दिग्विजयने, सयाजीसोबत फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या मित्राने, कंपनीच्या कँटीनमध्ये बसून ते शोधून दिलं. हिरवी पानं, गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली हसरी बाई. दिग्विजय म्हणाला, ह्याच असतील म्याडम, फोटो जुना असंल. आणि मी, जिने एकोणीस वर्षं एक बुश गेज न लावता पुढे सोडला नाही, मी एवढा मोठा माल न तपासता पास केला.

मी साडी बदलली. पिळा आता कमरेपर्यंत आला होता. सासूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"कुठं निगालीस गं?"

"भोसरीला. भांडायला."

"आगं माय! डागदरासंगं भांडत्यात का कुणी?"

"मी भांडणार," मी म्हटलं आणि चप्पल घातली. वेलदोडे मुठीत तसेच होते. पुरावा म्हणून रुमालात बांधून घेतले.

शेअर रिक्षात मी कडेला बसले, एका हाताने वरचा दांडा धरला आणि दुसरा पोटावर ठेवला. दुखणं सुरुवातीला अंगाच्या एका ठिकाणी असतं, त्याला बोट लावून दाखवता येतं. मग ते पसरतं आणि दाखवायला जागाच उरत नाही. खड्डा आला की मी दात आवळत होते आणि प्रत्येक खड्ड्याला एक शिवी देत होते, मनातल्या मनात, बिनचूक, एकाही खड्ड्याला वगळलं नाही. शेजारी बसलेल्या पोरीने विचारलं, काकू बरं नाही का. मी म्हटलं, नाही, आणि मला बरं व्हायचंही नाही, मला फक्त माझ्या गोळ्या हव्यात. तिची चूक नव्हती. पण गेलं वर्षभर जो भेटेल तो मला बरं करायला निघालेला आहे. शेजारच्या विंगेतल्या बाईने गव्हाचे अंकुर आणून दिले, दिराने कुठल्यातरी मठातला अंगारा पाठवला, एकाने सांगितलं मन घट्ट करा, मन घट्ट केलं की गाठ विरघळते. म्हणजे गाठ विरघळली नाही तर मन ढिलं होतं, असाच हिशेब ना? आजारही माझा आणि कसूरही माझी. मी कोणालाच काही बोलले नाही. सगळ्यांचं सगळं घेतलं. वर्कशॉपात असा माल आला असता तर लाल पेटीत फेकला असता आणि वर सुपरवायझरला चार शब्द सुनावले असते. सुपरवायझर माझ्याशी जपून बोलायचा. आजार झाल्यावर मी एवढी गरीब गाय कधी झाले, ते मला रिक्षात बसून आठवत नव्हतं.

एमआयडीसीच्या कोपऱ्यावरून रिक्षा वळली तेव्हा माझं वर्कशॉप दिसलं. निळा पत्रा, दाराशी तेलाचे ड्रम. आत माझं टेबल असेल, दुसरी कोणी बसत असेल. गेज लावायचं काम बघणाऱ्याला फार सोपं वाटतं. गेजला दोन टोकं. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. गेलं-गेलं, नाही-नाही, एवढंच. पहिल्या वर्षी मी रात्री झोपेतही गो, नो-गो म्हणत असे, सयाजी हसून हसून लोळायचा. तो तेव्हा हेल्पर होता, आणि माझा पहिला पगार झाला तेव्हा त्याने भोसरीच्या बाजारातून मला पितळेची नव्हे, खऱ्या काशाची वाटी आणून दिली होती, आपल्या आईकडे आहे तशी, पाय घासायला. दिवसभर उभं राहून तुझे पाय जळतात, म्हणाला. ती वाटी अजून आहे. गेल्या तीन आठवड्यांत यापाने सगळं बंद केलं, पण ती वाटी मात्र सयाजीने बंद केली नाही. रोज जेवण झाल्यावर माझे पाय मांडीवर घेऊन बसतो. हे आठवलं आणि मला रागात जरा अडचण झाली. मी ते बाजूला सारलं. आधी भांडण.

जिना चढताना दोनदा बसले. साधनाताईंच्या समोर खुर्चीवर बसेपर्यंत कपाळावरचा घाम भुवयांत उतरला होता. मी रुमाल सोडला आणि टेबलावर वेलदोडे ठेवले.

"हे काय?"

"माझ्या गोळ्या. तुमच्या यापाने बंद केल्या आणि त्याऐवजी हे दिले. आता तुम्हीच सांगा, हे किती तासांनी घ्यायचे?"

"कशाने बंद केल्या?"

"यापाने. तुमच्या."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. पंचेचाळिशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, भोसरी गावठाणातल्या जुन्या घरची सून. पेशंटशी शहरी बोलतात, पण चिडल्या की गावचं तोंड सुटतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. "आवो कस्तुराताई, माझं कुठलं आलंय ॲप? मला ह्यो फोन धड वापरता येत न्हाई!" मग मी सगळं सांगितलं. कॅन, कडू काढा, साखळी, एकविसावा दिवस. सांगताना मध्येच पोटात कळ आली आणि मला टेबलाची कड धरावी लागली. त्यांनी उठून मला आतल्या टेबलावर आडवं केलं, पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली, आणि कपाटातून माझा केसपेपर काढून आणला. डोळ्यांसमोर धरला. बारीक, ठसठशीत अक्षर. ज्येष्ठमध तुपातून, केमोने आलेल्या तोंडासाठी. मुगाचं कढण. पोट साफ राहण्यासाठी रात्री एक चूर्ण. पायांना तेल. खाली रेघ मारून लिहिलेलं: हॉस्पिटलच्या गोळ्या अजिबात बंद करायच्या नाहीत, माझी औषधं त्यांना दाखवावीत. आणि सगळ्यात वर, माझ्या नावाशेजारी, एकच शब्द. याप्य.

"याप," मी म्हटलं.

"याप नाही. याप्य. य ला य जोडलेला... म्हणजे, प ला य जोडलेला." त्या गोंधळल्या आणि मग दोघींनाही हसू आलं, आणि हसल्यामुळे पोट इतकं दुखलं की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "आमच्या शास्त्रात आजाराचे प्रकार सांगितलेत. साध्य म्हणजे बरा होणारा. असाध्य म्हणजे ज्याला हात लावून उपयोग नाही. मधे एक असतं, याप्य. जात नाही, पण सांभाळून नेता येतं. घर कलायला लागलं की आपण टेकू देतो ना? टेकू आहे तोवर उभं. घर नवं होत नाही. खरं सांगू? तुमचा आजार मधल्या प्रकारातसुद्धा राहिलेला नाही. मी तो शब्द लिहिला तुमच्या दुखण्यासाठी, भुकेसाठी, झोपेसाठी. तेवढं सांभाळता येतं. हॉस्पिटल सांभाळतंय, मी थोडा हात लावते. आजार बरा करायचं मी बोललेच नव्हते. तसं जो बोलेल त्याच्या वाऱ्याला उभं राहू नका."

असं कोणी माझ्याशी वर्षभरात बोललं नव्हतं. हॉस्पिटलचे डॉक्टर बोलले होते, पण ते सयाजीकडे बघून, आणि सयाजी भिंतीकडे बघत होता. मी आडवी पडून तो शब्द मनात दोन-तीनदा म्हणून पाहिला. मला तो परका वाटला नाही. आमच्याकडे वर्कशॉपात कधी कधी एखादा लॉट मापात बसत नाही, पण टाकून देण्याइतका वाईटही नसतो. मग गिऱ्हाईक कंपनीला कळवायचं, की बाबा, माल असा असा आहे, ड्रॉइंगप्रमाणे नाही, हे आधीच सांगतोय, चालवून घेणार का. त्याला डेव्हिएशन म्हणतात. कागद होतो, सही होते, पिवळं लेबल लागतं आणि माल गाडीत चढतो. त्यात लपवाछपवी नसते, हीच त्यातली गंमत. लपवून पाठवला तर तो गुन्हा, सांगून पाठवला तर डेव्हिएशन. मी हे साधनाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगदी तेच." आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "पण हे सगळं मी तुमच्या मिस्टरांना सांगितलंय की. मागच्या बुधवारी त्यांचा फोन आला होता. याप्य म्हणजे काय, असं विचारलं. मी असंच सांगितलं, टेकूचं. मग बरं म्हणाले आणि ठेवला."

मागच्या बुधवारी. म्हणजे तेरावी की चौदावी कडी. म्हणजे तेव्हापासून सयाजीला माहीत होतं की हे याप त्या बाईंचं नाही, कोणाचं आहे ते देवाला ठाऊक, आणि तरी तो रोज सहाला चष्मा लावून ओट्याजवळ उभा राहत होता. मला काढा देत होता. आणि आज पहाटे, सगळं कळून सवरून, त्याने डब्यातल्या गोळ्या काढल्या आणि वेलदोडे भरले. बसून, मोजून, चार. मी साधनाताईंना म्हटलं, त्याला फोन लावा, गोळ्या घेऊन ये म्हणावं. त्या म्हणाल्या, नाहीतर मी तुम्हाला गाडीत घालून पिंपरीला हॉस्पिटलात नेते, उगाच कशाला सोसता. मी म्हटलं, नाही. त्यानेच आणायच्या. त्याच्या हाताने गेल्यात, त्याच्याच हाताने परत आल्या पाहिजेत.

तो येईपर्यंत तासभर गेला. त्या तासाबद्दल काय सांगू. गरम पिशवी गार झाली, त्यांनी बदलली, पुन्हा गार झाली. मी छताकडे बघत पडले होते आणि मला लातूरची एसटी दिसत होती. माझी आई गेली तेव्हाची. सयाजी वर्कशॉपच्या दाराशी आला होता, आई जरा आजारी आहे म्हणाला, आणि स्टँडवर गेल्यावर त्याने मला खिडकीची जागा मिळवून दिली, केळी घेतली, पाण्याची बाटली घेतली. एवढी केळी सयाजी कधी घेत नाही. मला तिथेच कळलं होतं. पण आठ तास मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. सोलापूर रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, आता बरी असंल. मी म्हटलं, हो, असेल. गावात शिरल्यावर बायका रडत पुढे आल्या आणि तो खाली मान घालून उभा राहिला, आणि मी त्याला त्या दिवशी मोठ्या मनाने माफ केलं. या माणसाच्या तोंडून शेवटाचा शब्द निघत नाही, हे मी तेव्हाच ओळखलं होतं. मला वाटलं होतं हा प्रेमळपणा आहे. आहेच. पण त्या आठ तासांत माझी आई मेलेली होती आणि मला रडू दिलं गेलं नाही, मी केळी खात होते. आता माझ्या स्वतःच्या मरणाला मी केळी खात बसणार नव्हते. कळ आली की मी मोठ्याने ओरडत होते. बाहेर पेशंट असतील तर असोत. ऐकू दे भोसरीला.

सयाजी आला तो कंपनीच्या युनिफॉर्ममध्येच, हातात डब्याची पिशवी. गेटपास घेऊन दिग्विजयची मोटरसायकल पळवत आला होता. त्याने पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली, साधनाताईंनी ती आपल्या हातात घेतली आणि एक गोळी फोडून मला दिली. मी गिळली. गोळी लगेच काम करत नाही, वेळ लागतो. साधनाताई बाहेरच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी पडदा ओढून घेतला.

"अहो, तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

तो खालच्या फरशीकडे बघत होता. "व्हय."

"बुधवारपासून."

"व्हय."

"मग वेलदोडे का भरले?"

मला वाटलं, आता भिंतीकडे बघेल. पण त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याचं तोंड लहान मुलासारखं वाकडं झालं. "म्याडमच्या याप्यात शेवट हाय गं कस्तुरे. ह्या यापात नव्हता. हेच्यात रोज एक कडी वाढायली होती. मला वाटायचं, वाढू दे. मी काय यडा नाही. मला कळायलंय. पण सहा वाजले की वाटायचं, आज तर वाढू दे."

मी त्याला जवळ घेतलं नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या टोपीखालचे पांढरे केस दिसले आणि माझा जीव कळवळला. दोन्ही एकाच वेळी. "ऐका," मी म्हटलं. "तुमच्या कड्या माझ्या पोटातून निघत होत्या. तुम्ही शेवट लपवत होता आणि मी दुखणं लपवत होते, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. बास झालं आता. मी बरी होणार नाही. म्हणा."

"नगं गं."

"म्हणा. तुमच्या तोंडून ऐकायचंय मला. आईच्या वेळी म्हणाला नाहीत. आता म्हणा."

पडद्यापलीकडे कोणीतरी खाकरलं. खाली हार्डवेअरच्या दुकानात पत्रा कापल्याचा आवाज येत होता. सयाजीने टोपी काढून मांडीवर ठेवली. "तू बरी हुनार नाहीस," तो म्हणाला. मग एकदम, कोणी दट्ट्या काढल्यासारखा, रडला. मी पण रडले. पण माझं रडणं मोकळं होतं, वर्षभर अडकलेलं काहीतरी जागेवरून सुटलं होतं, आणि त्यातच कुठेतरी गोळी लागू पडली. पिळा एक एक पदर सोडायला लागला. असं वाटलं की माझं अंग कोणीतरी मला परत आणून दिलं आहे.

उतरताना साधनाताई म्हणाल्या, "तो कॅन फेकून द्या, पण फेकण्याआधी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना दाखवा. काय काय पोटात गेलंय ते त्यांना कळायला पाहिजे." मी विचारलं, तोंड आता बरंय, आंबट खाऊ का. त्या म्हणाल्या, "जिभेला सोसलं तर दोन घास खा की. तुम्हाला कोण अडवणार?" मी सयाजीकडे बघितलं. तो कुठे तरी दुसरीकडे बघत होता.

भोसरीच्या बाजारात अंबाडी होती. आमच्याकडची, लाल देठाची. मी मोटरसायकलवरून उतरले आणि जुडी हुंगली. आईचा हात त्या वासाचा असायचा. भाजीवाली म्हणाली, मावशी कोवळी आहे. मी दोन जुड्या घेतल्या. घरी येऊन मी ओट्याला टेकून बसले आणि सासूबाईंना सांगितलं, आत्याबाई, अंबाडीत तांदळाच्या कण्या घाला, वर लसणाची फोडणी द्या, तेल सढळ हाताने घाला. त्या सयाजीकडे बघायला लागल्या. "आन् याप?" सयाजी म्हणाला, "तिला खाऊ दे आये." त्यांनी अंबाडी निवडायला घेतली. पातेलं चढवलं. मला वाटतं म्हातारीला आमच्या दोघांपेक्षा आधी सगळं माहीत होतं. दीडच्या सुमाराला गोळी घेतली होती, साडेपाचची मी घड्याळ बघून घेतली, डब्यातून. डबा आता पुन्हा जड होता. ताटात भाकरीचा तुकडा आणि अंबाडी. पहिला घास जिभेवर ठेवला आणि कानाच्या मुळापर्यंत आंबट कळ गेली, डोळे आपोआप मिटले. दोन घास म्हणून चार खाल्ले. चौथा कष्टाने.

सहाला फोन टिंग वाजला. सयाजीचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. तो म्हणाला, "काढूनच टाकतो गं."

"थांबा. इकडे द्या."

मी त्याचा चष्मा लावला. हिरवी पानं, हसरी बाई. काढा घेतला का? मी 'नाही'वर बोट ठेवलं. इंग्रजी गोळी घेतली का? 'हो'. आंबट खाल्लं का? बोटाला अंबाडीचं तेल लागलेलं होतं, स्क्रीनवर डाग पडला. 'हो'. क्षणभर गोल गोल काहीतरी फिरलं. मग वीस कड्यांची ती हिरवी साखळी एकदम पुसली गेली आणि खाली लाल अक्षरं आली. सयाजी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"काय आलंय गं?" सासूबाईंनी विचारलं.

मी मोठ्याने वाचलं. "अरेरे. तुमची साखळी तुटली. आज तुमचा दिवस पहिला."

मग मी फोन सयाजीच्या हातात दिला, पाय सरळ केले आणि त्याच्या मांडीवर ठेवले.

"पहिला तर पहिला," मी म्हटलं. "वाटी आणा."